एकच पाणंद, पुन्हा पुन्हा: कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रंकाळा ओलांडून पश्चिमेकडं निघालं की कोल्हापूर हळूहळू विरळ होत जातं आणि उसाची शेतं सुरू होतात. हे कुटुंब त्याच भागातलं. आई बँकेत नोकरीला, वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत. आजोबा, म्हणजे घरातले आबा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. थोरली मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. धाकटा साडेतीनचा, तो आमच्या बालवाडीत येतो आणि त्याच्यामुळंच हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. कुटुंबाला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांना चालण्याचं वेड. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले, त्या वाटेनं दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. लग्नाआधी वडिलांनी ही मोहीम चुकवली नव्हती. आपली मुलंही एक दिवस त्या वाटेनं चालावीत ही त्यांची मनापासूनची इच्छा. त्यात मला काहीच गैर वाटत नाही. कोल्हापूरच्या कितीतरी घरांत ही इच्छा असते आणि ती चांगली आहे.

आईचं म्हणणं साधं होतं. मुलं शाळेतून आली की मोबाइल मागतात, तो काढून घेतला की आदळआपट करतात, आणि बाहेर सोडायचं म्हटलं तर गल्लीत गाड्याच गाड्या.

अडचण नेमकी काय होती

सप्टेंबरमध्ये एका सुट्टीच्या दिवशी सगळे मसाई पठारावर गेले. पन्हाळ्याच्या पुढचं हे पठार पावसाळ्याच्या शेवटाला फुलांनी भरून जातं, तेरडा आणि सोनकीचे पट्टेच्या पट्टे असतात. पहाटे उठून, मुलांना झोपेतच गाडीत घालून, वडिलांनी त्यांना तिथं नेलं. फुलं होती, धुकं होतं, मोठ्या माणसानं बघत राहावं असं सगळं होतं. धाकट्यानं थोड्याच वेळात जमिनीवर बसकण मारली. थोरलीच्या बुटात पाणी गेलं. "पुढं अजून भारी आहे, चल" असं वडील म्हणत राहिले आणि ती "मी दमलो, मी न्हाई येत" म्हणत मागं मागं राहिली. शेवटी धाकटा वडिलांच्या खांद्यावर, थोरली आईच्या हाताला लोंबकळत, दोघंही रडत, अशी वरात परत आली.

त्यानंतरच्या दोन-तीन सुट्ट्यांतही थोड्याफार फरकानं हेच झालं. "फिरायला जायचं" म्हटलं की थोरलीच्या पोटात दुखू लागलं. घरात वाक्य ठरून गेलं: आमची मुलं फिरणारी नाहीत.

बालवाडीत मी धाकट्याला सहज विचारलं, "फिरायला गेल्यावर काय करता रे तुम्ही?" तो म्हणाला, "चल-चल करतात."

मला अडचण तिथंच दिसली. या मुलाला बाहेरचं काही आवडत नव्हतं असं नाही. बालवाडीच्या अंगणात मुंग्यांची रांग दिसली की त्याला आत आणायला दोन वेळा हाका माराव्या लागतात. नावडतं होतं ते चल-चल. मोठ्यांच्या डोळ्यांसमोर पोचायचं ठिकाण असतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला असं ठिकाण नसतंच. तो चालतो, थांबतो, मागं वळतो, बसतो, पुन्हा पळतो. मोठ्याच्या गुडघ्यापर्यंतचं गवत त्याच्या कमरेला लागतं. दूरचा डोंगर त्याला फारसा कळत नाही, पायाजवळचं बीळ मात्र लगेच दिसतं. त्यात त्याचा हात मोठ्याच्या हातात, म्हणजे सगळा वेळ वर ताणलेला.

थोरलीचं दुखणं वेगळं होतं आणि ते कळायला वेळ लागला. आबांना झाडाझुडपांची चांगली माहिती. त्यामुळं प्रत्येक झाडाजवळ प्रश्न: "हे कशाचं झाड? मागच्या वेळी सांगितलेलं, आठवतंय का बघ." पहिलीतल्या मुलीला शाळेत दिवसभर हेच असतं. सुट्टीच्या दिवशीही तोंडी परीक्षा, आणि उत्तर चुकलं की धाकटा हसणार.

कोणते पर्याय होते

आई-वडील आणि आबा तिघंही एका संध्याकाळी बालवाडीत बसले. चार वाटा समोर होत्या.

पहिली, दोन-तीन वर्षं हा विषयच सोडून द्यायचा. आईचा कल इकडं होता. तिचा मुद्दा रास्त होता: रडवून नेलं तर मुलं कायमची तुटतील. पण बाहेर जाणं थांबलं की ती जागा मोबाइल घेणार, हेही तिलाच माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करायला हवी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी, आणि पडद्यासमोर बसणं एका तासाच्या आत हवं. वडिलांना हे आकडे ऐकून धक्का बसला. मी त्यांना एवढंच म्हटलं, की १८० मिनिटांत रांगणं, चढणं, रेंगाळणं सगळं धरलं जातं, ती सलग चालायची नसतात. दम लागेल अशी हालचाल मुलं पळापळीत आपोआप करतात.

दुसरी, निसर्गसहलींच्या एखाद्या गटाबरोबर जायचं. सोबतीला इतर मुलं मिळाली असती, ही जमेची बाजू. पण अशा सहली बहुधा आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांना धरून आखलेल्या असतात. तीस जणांच्या रांगेत धाकट्याचं रेंगाळणं कोण सहन करणार?

तिसरी, रोज संध्याकाळी रंकाळ्यावर. घरापासून जवळ, पदपथ चांगला, पाणी, वारा. अडचण अशी की संध्याकाळचा रंकाळा म्हणजे भेळ, कणसं, फुगे आणि गर्दी. मुलांना तिथं मजा येते, यायलाच हवी, पण ती वेगळी मजा.

चौथी वाट आबांच्या बोलण्यातून निघाली. घरामागून एक पाणंद जाते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये बैलगाडीची जुनी चाकोरी, एका वळणावर पिंपळ आणि त्याला दगडी पार, बांधावर रुई आणि करंज, शेवटाला एक गुऱ्हाळ. सगळी मिळून अर्धा किलोमीटर भरेल. "तिथं बघण्यासारखं काय आहे?" असं वडील लगेच म्हणाले. मसाई पठार पाहिलेल्या माणसाला पाणंदीत काय दिसणार, हा त्यांचा प्रश्न मला पटण्यासारखा वाटला, पण मुलांच्या बाजूनं तो उलटा होता. लहान मुलाला नवं ठिकाण एकदा बघून भागत नाही. तेच ठिकाण पुन्हा पुन्हा हवं असतं. एकच गोष्ट रात्री दहादा ऐकायची असते, तसंच हे.

तिथं मी तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कुरणशाळेचा विषय काढला. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढं कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथं मोठ्यांनी जायचं, ही ती रीत. मसाई पठारावर मुलांना ओढून नेण्यापेक्षा, मुलं थांबतात तिथं आपण थांबावं.

पहिला निर्णय झाला: महिनाभर दुसरं कुठंही जायचं नाही. फक्त पाणंद.

काय ठरवलं आणि काय केलं

"चला" हा शब्द मोठ्यांनी वापरायचा नाही, असं ठरलं. मुलं परत म्हणाली की परत. पिंपळापर्यंत पोचलं नाही तरी चालेल. हात धरायचा तो फक्त रस्ता ओलांडताना. पहाटे उठवणं बंद. दूध आणि नाष्टा झाल्यावर, साडेआठच्या सुमारास निघायचं. पिशवीत पाणी, चुरमुरे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. वडिलांनी फोन खिशात ठेवायचा, पावलं मोजायची नाहीत.

आईनं एक मुद्दा काढला, तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. चिखलानं माखलेले कपडे धुणार कोण? मुलांना बाहेर न सोडण्यामागं कितीतरी घरांत हे खरं कारण असतं आणि ते कुणी बोलत नाही. सुट्टीच्या दिवशी वडील आणि मुलं निसर्गात, आणि आई मोरीत ब्रश घेऊन, असं होणार असेल तर हा खेळ महिनाभरही टिकत नाही. तेव्हा ठरलं की प्रत्येकाचा एक जोड फिरायचा म्हणून वेगळा, तो मळला तरी कुणी बोलायचं नाही, आणि तो धुवायचं काम वडिलांचं.

सुरक्षेचं थोडक्यात. पायांत बंद बूट, कारण उसाच्या कडेला घोणस आणि नाग दोन्ही असतात. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. रुईचं पान तोडायचं नाही, तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. केसाळ सुरवंटाला आणि खाजकुयलीच्या शेंगेला हात लावायचा नाही. उघड्या विहिरीच्या बाजूला मोठं माणूस. हे नियम घरातच एकदा नीट सांगितले. वाटेवर सारखं "हे नको, ते नको" म्हणायचं नाही, असंही ठरलं.

ऑक्टोबरमधल्या पहिल्याच फेरीत धाकट्याला शेणाजवळ एक काळा किडा दिसला. शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत होता, स्वतः डोकं खाली करून. गोळा चाकोरीच्या उतारावरून घसरायचा, किडा त्याच्याबरोबर गडगडायचा, पुन्हा उठून ढकलायचा. एकदा गवताच्या काडीला गोळा अडला, तेव्हा तो गोळ्याला वळसा घालून आला, काडी चाचपली आणि बाजूनं ढकलू लागला. धाकटा पोटावर झोपला. वडील उभे होते. त्यांनी नंतर मला सांगितलं की आतून "चल" दहादा आलं आणि दहादा गिळलं. बऱ्याच वेळानं तेही उकिडवे बसले. त्या दिवशी घरापासून शंभर पावलंही कुणी पुढं गेलं नाही. धाकटा घरी येऊन आईला म्हणाला, "त्यानं पडलं तरी सोडलं न्हाई."

माझ्या दृष्टीनं पहिला वळणबिंदू हा. शंभर पावलांची फेरी वडिलांना फुकट गेल्यासारखी वाटली असती तर पुढचं काही घडलं नसतं. वाटलीही होती थोडी, ते कबूल करतात. पण दुसऱ्या दिवशी बूट घालून दारात आधी कोण उभं होतं, हे त्यांनी पाहिलं.

आबांशी बोलणं जास्त नाजूक होतं. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला "प्रश्न विचारू नका" कसं सांगायचं? त्यांच्या मुलाला ते जमणार नव्हतं, म्हणून मी बोलले. म्हटलं, "आबा, तुम्ही लहानपणी या पाणंदीत काय करत होता, तेवढंच करून दाखवा. नाव पोरगी स्वतःहून विचारील तेव्हाच सांगा." ते जरा गप्प झाले. पुढच्या फेरीत त्यांनी पारावर बसून पिंपळाच्या पानाची पिपाणी केली. थोरलीनं हिसकावूनच घेतली, पण तिला वाजेना. मग आठवडाभर घरात पिंपळाची पानं. नंतर शेजारच्या शेतातून ज्वारीची धाटं आणून त्यांनी धाटाची बैलगाडी करायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. "राहू दे, विसरलो," म्हणाले. थोरलीनं ती आपल्या पद्धतीनं पुरी केली. चाकं वाकडी होती, पण ती गाडी दोरी बांधून पाणंदीत नेण्यात तिचे कित्येक दिवस गेले. आबा खरंच विसरले होते की कसं, हे मी विचारलेलं नाही.

दुसरा निर्णय: अळी घरी आणायची का

नोव्हेंबरच्या सुमाराला बांधावरच्या रुईवर थोरलीला अळ्या दिसल्या. अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या दोऱ्यांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या. आधी ती किंचाळली. अळीला केस नाहीत, खाज सुटणार नाही, हे कळल्यावर जवळ आली. ही बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी. मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालते, अळी तीच पानं खाते, आणि रुईतलं विष तिच्या अंगात साठतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. हे सगळं आबांना माहीत होतं. ते बोलले नाहीत. थोरलीनंच विचारलं, "आबा, हिचं फुलपाखरू कुठलं होतं?" तेव्हा सांगितलं.

आता घरात वाद. वडिलांचं म्हणणं, दोन अळ्या बरणीत घालून घरी आणू, रोज रुईचं पान देऊ, म्हणजे मुलांना फुलपाखरू बाहेर येताना बघता येईल. हे चुकीचं नाही. कित्येक शाळांत असं करतात आणि मुलं हरखून जातात. आईला रुईचा चीक घरात नको होता. थोरलीला अळ्या तिथंच हव्या होत्या, कारण "तिथं तिच्या मैत्रिणी आहेत".

दोन्ही बाजूंना वजन होतं. बरणीत बघणं खात्रीचं. पण घरात आणलं की पाणंदीत जायचं कारण संपतं, आणि झुडपावर राहू दिलं तर मुलांना रोज जाऊन बघावंसं वाटेल. मी थोरलीच्या बाजूनं कौल दिला. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात, तेवढे दिवस ती दोघं कुणीही न सांगता निघत होती. एक अळी नाहीशी झाली, दुसरीचा हिरवा कोष पानाखाली लोंबकळताना सापडला. फुलपाखरू बाहेर येताना कुणालाच दिसलं नाही. एका सकाळी फक्त कोषाचं रिकामं, पारदर्शक साल होतं. थोरली रडली. तिला ते बघायचंच होतं.

बरणीत ठेवलं असतं तर दिसलं असतं, हे वडील आजही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. माझं मत तरीही बदललेलं नाही. रुईच्या त्या झुडपानं तिला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या अळ्या शोधायला ती पुन्हा गेली. पुढच्या खेपेला एक कोष बरणीत आणि बाकीचे झुडपावर, असा मधला मार्ग काढता येईल.

मध्ये आलेले अडथळे

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली. पाणंद जिथं डांबरी रस्त्याला मिळते तिथून भरलेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, सारखे जाऊ लागले. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस मुलाच्या डोक्याच्या उंचीला असतो. रस्ता ओलांडताना धाकट्याला उचलून घ्यायचं ठरलं. फेरीची वेळही बदलून पाहिली, पण ट्रॅक्टरना वेळ नसते.

याच दिवसांत गुऱ्हाळ पेटलं. चुलवाणाचा धूर, काहिलीत रटरटणारा रस, वरची मळी काढणारा माणूस आणि सगळ्या पाणंदीत तो वास. पहिल्यांदाच मुलं पाणंदीच्या शेवटापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. गुळव्यानं हातावर गरम गुळाची चिक्की ठेवली. यावरून एक प्रश्न उभा राहिला: हे बक्षीस झालं का? आधी "शेवटापर्यंत आलास तर आइस्क्रीम" असं वडील करून बसले होते आणि त्याचा परिणाम उलटा झाला होता, आइस्क्रीम मिळालं की पाय थांबायचे. गूळ वेगळा, कारण तो त्या जागेचाच आहे, तिथंच तयार होताना दिसतो, आणि कुणी त्याची अट घातली नव्हती. काहिलीजवळ मात्र एक मोठं माणूस एका मुलाला धरूनच उभं राहिलं पाहिजे, तिथं सूट नाही.

मग गव्याची बातमी आली. राधानगरीच्या जंगलाकडचे गवे कधीकधी शहराच्या कडेपर्यंत येतात, हे कोल्हापूरकरांना नवं नाही. कुणी म्हणालं पलीकडच्या उसात दिसला, कुणी म्हणालं अफवा आहे. पाणंद बंद, हा निर्णय आईनं एका वाक्यात घेतला आणि त्यावर चर्चा झाली नाही. व्हायलाही नको. उसात गवा आहे की नाही हे लहान मुलं बरोबर घेऊन तपासायचं नसतं.

त्या दिवसांत सकाळी लवकर रंकाळ्यावर जाऊन पाहिलं. संध्याकाळपेक्षा सकाळ पुष्कळ निवांत. पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे आणि काळ्या अंगावर पांढरं कपाळ असलेले वारकरी धाकट्याला आवडले. थोरली कंटाळली, कारण तिथं हात घालायला काही नव्हतं. पक्षी दूर, पाणी खोल, कठड्यावर चढायचं नाही. पक्षीनिरीक्षण लहान मुलांसाठी म्हणून फार सांगितलं जातं. माझा अनुभव असा की सहा वर्षांच्या आतल्या मुलांना दुर्बिणीपेक्षा हाताला लागणारी गोष्ट हवी असते.

पावसाळ्यात पाणंद चिखलानं भरली. मृगाच्या पहिल्या सरींनंतर लाल मखमली मिरगाचे किडे निघाले, तेव्हा चार-पाच दिवस दोघांना घरात ठेवणं अवघड झालं. जुलैत नदीचं पाणी चढू लागलं तसं तिकडं जाणं पूर्ण थांबवलं.

काय हाती लागलं

साधारण वर्षानंतरची स्थिती अशी. धाकटा पाणंदीत कितीही वेळ रमतो, आणि सपाट वाटेवर चांगलं चालतोही. त्यानं चालायला हवं म्हणून कुणी काही केलं नाही. बघण्यासारखं काही असलं की तो चालत राहतो, एवढंच.

थोरलीला आजही लांब चालायला आवडत नाही. तिला पारावर बसून वहीत काढायला आवडतं. रुईचं झुडूप, कोष, गुऱ्हाळाचं धुराडं. वडिलांना हे पचवायला जड गेलं. मला मात्र ही मुलगी "फिरणारी नाही" असं आता कुणी म्हणू नये असं वाटतं. तिच्या वहीत रुईच्या पानांच्या जोड्या आडव्या-उभ्या, एकमेकींना छेद देणाऱ्या काढल्या आहेत. रुईला असतात तशाच. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

हिवाळ्यात एकदा पन्हाळ्याला जाणं झालं. तीन दरवाजापाशी गाडी थांबवून वडिलांनी काही ठरवलंच नाही. बहुतेक सकाळ तटबंदीच्या एकाच उन्हाच्या पट्ट्यात सरडे बघण्यात गेली. सज्जा कोठी बघायची राहिली. परतताना धाकटा खांद्यावर होता, पण रडत नव्हता.

मोबाइलची कटकट संपली का? नाही. फिरण्याच्या दिवसांत कमी होते, बाकी दिवस तशीच. पाणंदीकडून एवढी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आबांशी बोलायला महिना लागला, ते पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. थोरलीचा नकार सगळ्यांनी आळस समजला आणि तिला उगाच बोलणी बसली. मूल फिरायला नाही म्हणत असेल तर फिरण्यातलं नेमकं काय नको आहे, हे शोधावं. पाय दुखणं, भूक, भीती, प्रश्न, भावंडाचं चिडवणं, यातलं काहीही असू शकतं, आणि दोन भावंडांचं कारण एकच असेल असं नाही.

शेजारची एक मुलगी फार उशिरा बरोबर येऊ लागली. ती आल्यावर थोरली जास्त खुलली. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा बरोबरीचं कुणी लागतं. धाकट्याला लागत नाही. सुरुवातीपासून तिला घेतलं असतं तर बरं झालं असतं.

वडिलांनी पहिले काही आठवडे फोटो काढले आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. त्यामुळं "इकडं बघ, अळी वर धर" हे सुरू झालं. फोटो बंद झाल्यावर मुलं बदलली असं म्हणणार नाही, पण वडील बदलले.

एक गोष्ट कुणाच्याच हातात नव्हती. पाणंदीच्या एका बाजूच्या शेतात आता प्लॉट पडताहेत, हद्दीचे दगड रोवले गेलेत, आणि रुईच्या झुडपांपैकी निम्मी बांधाबरोबर गेली. दुसरी वाट शोधावी लागणार आहे. ती शोधताना त्यांनी काही अटी धरल्या आहेत: घरातून चालत जाता यावं, वाहनं नसावीत, आबांना टेकायला जागा असावी, आणि हाताला लागेल असं काहीतरी असावं. शिवाजी विद्यापीठाचा परिसर झाडीचा आणि मोठा, पण तिथं गाडीनं जावं लागतं, म्हणजे रोजचं होणार नाही. कळंबा तलावाच्या बाजूलाही पाहून झालं, तिथं पाणी उघडं. सध्या घराजवळच ओढ्याकाठची एक वाट बघताहेत. थोरलीची अट आबांनी लिहून घेतली आहे: रुई पाहिजेच.